भिवंडीत जीवशास्त्र कशाला, या प्रश्नास उत्तर

बारावीचे निकाल लागून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या गुणपत्रिका हाती आल्या, की भिवंडीतील पुष्कळ घरांतून एकच प्रश्न विचारला जाऊ लागतो. डॉक्टर होण्याइतके गुण ज्याला पडले नाहीत आणि तरीही जो वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवी मिळवू इच्छितो, अशा विद्यार्थ्याला घरातील वडीलधारी माणसे, ओळखीचे कारखानदार, शिकवणीवर्गांचे चालक आणि प्रसंगी त्याचे अध्यापकसुद्धा विचारतात, की हे शिकून पुढे करणार काय? प्रश्नाचा स्वर काळजीचा असतो हे मला मान्य आहे. परंतु त्याचे उत्तर विचारणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेले असते, आणि ते असे, की जीवशास्त्राचा पदवी-अभ्यास निरर्थक असून भिवंडीसारख्या गावात तर तो उमेदीच्या वर्षांचा निव्वळ अपव्यय होय. हे मत मला सर्वस्वी चुकीचे वाटते, आणि ते आता इतके रूढ झाले आहे, की त्याचा सविस्तर प्रतिवाद होणे अगत्याचे आहे.

प्रतिपक्षाची कैफियत प्रथम त्याच्याच बाजूने मांडणे न्यायाचे होईल. तिच्यातील पहिला मुद्दा असा, की ज्यांना वैद्यकीय प्रवेश मिळत नाही तेच या विषयाकडे वळतात, सबब तो मागे राहिलेल्यांचा विषय आहे. दुसरा असा, की नावे, व्याख्या आणि आकृत्या यांच्या पाठांतरापलीकडे त्यात काही नाही. गणिताला किंवा पदार्थविज्ञानाला लागते तशी बुद्धी त्याला लागत नाही. तिसरा मुद्दा गावाचा: भिवंडी हे यंत्रमागांचे आणि गोदामांचे गाव, येथे जॉबर लागतो, मेहताजी लागतो, मालाच्या आवकजावकीचा हिशेब ठेवणारा लागतो; शेवाळे आणि किडे ओळखणाऱ्याला येथे कोण विचारणार? चौथा असा, की सर्व माहिती हातातील फोनवर मिळत असताना तिच्यासाठी महाविद्यालयाचा उंबरा झिजविण्याचे कारण उरलेले नाही. मुलींच्या बाबतीत याला पाचवा मुद्दा जोडला जातो, जो सहसा उघडपणे बोलला जात नाही: स्थळ ठरेपर्यंत काहीतरी शिकत राहावे, आणि त्यासाठी हा विषय निरुपद्रवी म्हणून चालतो. या पाचही मुद्द्यांचा आता एकेक करून विचार करू.

पहिल्या मुद्द्यात वस्तुस्थिती किती आणि निष्कर्ष किती हे वेगळे केले पाहिजे. २०२४ साली ‘नीट’ परीक्षेस २३ लाखांहून अधिक उमेदवार बसले, आणि त्या वेळी देशातील एम. बी. बी. एस.च्या सर्व जागा मिळून १ लाखाच्या थोड्याशाच वर होत्या. वीस उमेदवारांमागे सुमारे एक जागा, असा हा हिशेब पडतो. ज्या परीक्षेत वीसांपैकी एकोणीस जणांनी बाहेर राहावयाचे हे जागांच्या संख्येनेच आधी ठरलेले असते, त्या परीक्षेतील अपयश हा विद्यार्थ्याच्या बुद्धीविषयीचा निर्णायक दाखला समजणे साध्या अंकगणितालाही धरून नाही. परंतु याहून मूलगामी आक्षेप असा आहे, की वैद्यकाच्या गजाने जीवशास्त्र मोजण्याचा हा प्रघातच विपरीत आहे. वैद्य एका रुग्णाच्या एका शरीराची चिंता वाहतो, आणि ती वाहताना ज्या ज्ञानावर तो विसंबतो ते ज्ञान बहुतांशी त्याच्याआधी कोणीतरी जंतूंच्या, डासांच्या, वनस्पतींच्या आणि पेशींच्या अभ्यासातून मिळविलेले असते. या दोन व्यवसायांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा संबंध नसून एकाने दुसऱ्याच्या आधाराने उभे राहावे असा संबंध आहे.

त्याचे उदाहरण भिवंडीपासून फार दूर नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा सरकारने कलकत्त्याहून ज्या माणसाला पाचारण केले, तो वाल्देमार हाफकिन डॉक्टर नव्हता. ओडेसाच्या विद्यापीठात मेचनिकॉफसारख्या गुरूच्या हाताखाली त्याने प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत पोषक रसावर तुपाचे थेंब तरंगते ठेवून, त्यांच्या तळाशी प्लेगचे जंतू लोंबत्या तंतूंप्रमाणे वाढतात हे त्याने पाहिले, ते वाढवून उष्णतेने मारले, आणि त्यांपासून केलेली लस १८९७ च्या जानेवारीत सर्वप्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. एखादा जीव कोणत्या परिस्थितीत वाढतो आणि कोणत्या परिस्थितीत मरतो, हा प्राणिशास्त्रज्ञाचा प्रश्न होय. हाफकिनने तो विचारला म्हणून लक्षावधी माणसांना प्लेगच्या साथीत आधार मिळाला. पुढे १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल येथे लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली, तेव्हा त्याच्याकडे वैद्यकाची पदवी नाही ही गोष्ट त्याच्या विरुद्ध वापरली गेली. त्याच्या निर्दोषत्वावर शिक्कामोर्तब होण्यास १९०७ साल उजाडावे लागले. परळच्या ज्या संस्थेला १९२५ पासून त्याचे नाव आहे, तिच्या दारावरून जाणाऱ्या प्रत्येक ठाणेकराने एवढे लक्षात ठेवावे, की मुंबई इलाख्याला प्लेगची लस देणारा हा मनुष्य प्राणिशास्त्राचा विद्यार्थी होता.

दुसऱ्या मुद्द्याच्या बाबतीत प्रतिपक्षाला अर्धे श्रेय दिले पाहिजे. आपल्याकडे जीवशास्त्र पाठ करवून घेतले जाते, हे खरे आहे. ‘नीट’च्या ७२० गुणांपैकी ३६० गुण जीवशास्त्राला असल्यामुळे आणि चार पर्यायांतून एक निवडण्याचीच ती परीक्षा असल्यामुळे, अकरावी-बारावीची दोन वर्षे पाठ्यपुस्तकातील वाक्ये जशीच्या तशी लक्षात ठेवण्यात जातात, आणि तीच सवय पदवीच्या वर्गात येऊन प्रात्यक्षिकाच्या वहीतील आकृती मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरविण्यात परिणत होते. परंतु हा आरोप परीक्षेवर आणि अध्यापनाच्या पद्धतीवर आहे. विषयावर तो ठेवणे म्हणजे फिर्याद एकावर आणि शिक्षा दुसऱ्याला, असा प्रकार होईल. मेंडेलचे ‘तीनास एक’ हे प्रमाण पाठ करणारा विद्यार्थी काहीच शिकत नाही. परंतु मेंडेलने मोजलेले ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले वाटाणे ज्याच्यासमोर ठेवले जातात, ज्याला त्यांचे प्रमाण काढून ते नेमके तीन का येत नाही हे विचारले जाते, आणि किती फरक यदृच्छेने पडू शकतो व किती फरक पडल्यास सिद्धान्तच संशयास्पद ठरतो हे स्वतः ठरविण्यास सांगितले जाते, तो विद्यार्थी गणिताच्या, तर्काच्या आणि प्रमाणशास्त्राच्या कठोर शिस्तीतून जात असतो. महाविद्यालयीन पातळीवर जीवशास्त्र शिकावयाचे ते या शिस्तीसाठी.

आमच्या खाडीतील जिताड्याचे उदाहरण घेऊ, कारण आगरी आणि कोळी घरांतून जो मासा मानाने रांधला जातो त्याच्याविषयी कुतूहल असण्यास पाठांतराची गरज नाही. जिताडा प्रथम नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, अंगाने मोठा झाल्यावर, मादी होतो. ही माहिती एका ओळीत सांगून परीक्षेत एका गुणाला विकता येते. परंतु तिच्यावर विचार करू लागले म्हणजे तिच्यातून प्रश्नांची परंपरा उभी राहते. खाडीतील मोठे जिताडे तेवढे वेचून पकडले गेले तर अंडी घालणाऱ्या माद्याच नाहीशा होतील. लहान असतानाच सर्व पकडले गेले तर माद्या तयारच होणार नाहीत. मग जाळ्याची आस किती असावी, कोणते महिने मासेमारी बंद ठेवावी, तळ्यात वाढविलेल्या जिताड्यांची पिल्ले आणावयाची कोठून? मच्छीमाराच्या पोटाशी निगडित असलेले हे प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत आणि निव्वळ अनुभवानेही पुरते सुटत नाहीत. कारण माशाचे लिंग वयाबरोबर बदलते हे त्याचे पोट उघडून, जननग्रंथींचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, वर्षभर निरनिराळ्या आकाराचे मासे तपासल्याशिवाय कळत नाही. ते कसे तपासावे हे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिकता येते.

आता तिसरा मुद्दा, जो प्रतिपक्षाला सर्वांत बळकट वाटतो आणि जो माझ्या मते सर्वांत दुबळा आहे. भिवंडी हे गोदामांचे गाव असल्यामुळे येथे जीवशास्त्राचे काम नाही, असे म्हणणाऱ्याने कधी गोदामातील धान्याच्या पोत्याकडे निरखून पाहिले असावे असे वाटत नाही. साठविलेल्या धान्यातील सोंडकिडे आणि पिठातले तांबडे भुंगेरे मारण्यासाठी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची धुरी दिली जाते. ताडपत्री नीट बसली नाही, फटी राहिल्या किंवा मुदत पुरी होण्याआधीच ती उचलली गेली, तर त्या गोळ्यांतून निघणाऱ्या फॉस्फिन वायूचे प्रमाण कमी पडते. जे किडे त्या कमी मात्रेला टिकण्याइतके मूळचेच काटक होते तेवढेच जगतात, त्यांचीच प्रजा वाढते, आणि काही पिढ्यांनंतर पूर्वीची मात्रा त्या प्रजेवर चालेनाशी होते. फॉस्फिनला न जुमानणारे धान्यकीटक आज भारतासह अनेक देशांत आढळतात. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच. २०१८ साली औरंगाबादेत बोलताना केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून बदलला पाहिजे, असे विधान केले आणि देशातील तिन्ही विज्ञान अकादमींना त्याचा जाहीर निषेध करावा लागला. पुढे केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग खरोखरच वगळण्यात आला. महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांती यांचे प्रकरण अग्रस्थानी आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु शाळेत पेरलेले ते बीज महाविद्यालयात वाढले नाही, तर ज्या गावाची समृद्धी गोदामांवर उभी आहे त्या गावात धुरी का निष्फळ ठरते हे सांगणारा एकही माणूस उरणार नाही. आणि हाच न्याय क्षयाच्या जंतूंना लागू आहे, जे अर्धवट सोडलेल्या औषधांतून अधिकाधिक दुर्दम्य होत जातात.

गावाची नदी पाहा. कामवारीचे पाणी दूषित आहे हे सांगण्यास शास्त्रज्ञ लागत नाही. परंतु ते कोठपासून, किती काळ आणि कशामुळे दूषित आहे हे सिद्ध करावयाचे झाले म्हणजे शास्त्राविना पाऊल पुढे पडत नाही. बाटलीत भरून नेलेल्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण त्या घटकेची स्थिती सांगते, आणि सांडपाणी रात्री सोडून नमुना दिवसा घेतला तर तेही सांगत नाही. तळच्या गाळातील जीव मात्र महिनोन्‌महिने तेथेच राहिलेले असतात. स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात ज्या माश्यांच्या अळ्या वाढतात त्या नाहीशा होऊन, हिमोग्लोबिनच्या साह्याने अत्यल्प प्राणवायूवरही तग धरणाऱ्या तांबड्या अळ्याच तेवढ्या उरल्या असतील, तर ती नदीने स्वतः लिहून ठेवलेली साक्ष होय. ती वाचण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. चाळण, भिंग, जीव ओळखण्याचे तक्ते आणि वर्षभर ठरावीक जागी जाऊन मोजदाद करण्याची चिकाटी लागते, आणि या चारही गोष्टी प्राणिशास्त्राच्या कोणत्याही बऱ्या विभागात असावयास हव्यात.

खाडीकाठच्या तिवरांचेही तसेच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निकालात त्यांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला. हा हुकूम कागदावर कितीही भक्कम असला तरी काल्हेर-कशेळीच्या बाजूस भराव पडल्याची तक्रार झाली, म्हणजे त्याची अंमलबजावणी शेवटी एका पंचनाम्यावर येऊन ठेपते: येथे जी झाडे होती ती तिवरांची होती की नव्हती? चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, पानांवर बाहेर पडलेले मीठ, झाडावर असतानाच अंकुरणारे कांदळाचे बी, भरतीच्या रेषेशी असलेला त्यांचा संबंध, यांचा अर्थ ज्याला लावता येतो असा साक्षीदार जर महसूल खात्याला, वन खात्याला किंवा तक्रारदाराला मिळाला नाही, तर न्यायालयाचा हुकूम दफ्तरात राहतो आणि भराव जागेवर राहतो. याहून व्यापक असे एक कर्तव्य २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेवर टाकले आहे. आपल्या हद्दीतील वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे लोकज्ञान यांची नोंदवही तिने ठेवावयाची आहे. या कल्पनेमागे ज्यांचे चिंतन होते ते माधव गाडगीळ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकले आणि मुंबई विद्यापीठातून प्राणिशास्त्र घेऊन पुढे गेले. तालुक्यातील वारली आणि कातकरी वृद्धांना ज्या रानभाज्या व औषधी ठाऊक आहेत त्या त्यांच्याकडून ऐकून, योग्य नावानिशी आणि त्यांच्या श्रेयानिशी लिहून घेण्याचे काम कोणा ठेकेदाराने दुसऱ्या तालुक्याची नोंदवही नक्कल करून उरकावे, की येथल्याच महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी करावे?

२०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि भिवंडी या शहरांत गोवराची साथ पसरली आणि तिने बालकांचे बळी घेतले, ही आठवण अद्याप ताजी आहे. गोवराचा एक रुग्ण, ज्या समाजात कोणाच्याच अंगी प्रतिकारशक्ती नाही अशा समाजात बारापासून अठरा जणांपर्यंत संसर्ग पोहोचवू शकतो. आणि म्हणून शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव जण सुरक्षित झाल्याखेरीज साथीची साखळी तुटत नाही. शेजारच्या बहुतेक मुलांना लस मिळाली आहे, मग आपल्या एका मुलाला नाही मिळाली तर काय बिघडते, असे मनापासून विचारणाऱ्या आईला दटावून उत्तर देता येत नाही; तिच्याच मोहल्ल्यातील, तिच्याच बोलीत बोलणाऱ्या आणि हा हिशेब स्वतःला समजलेल्या मुलीने तिच्याजवळ बसून समजावून सांगितले, तर ते पटण्याची आशा धरता येते. मराठी, उर्दू, तेलुगू आणि हिंदी बोलणाऱ्या या दाट वस्तीच्या शहरात अशा पदवीधर मुली शेकडोंनी असावयास हव्यात.

येथे पाचव्या मुद्द्याचे उत्तर ओघानेच आले. मुलींनी जीवशास्त्र वेळ घालविण्यासाठी शिकावे असे ज्यांना वाटते, त्यांनी कमला सोहोनी यांचे चरित्र पाहावे. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा केवळ स्त्री म्हणून सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी माघार घेतली नाही, तेव्हा अटी घालून एक वर्षापुरता प्रवेश मिळाला, आणि त्यांचे काम पाहिल्यावर संस्थेचे दार पुढील स्त्रियांना उघडले. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या मायदेशी परतल्या. ताडाच्या नीरेतील पोषक द्रव्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि आदिवासी मुलांच्या व गरोदर स्त्रियांच्या पोषणाला तिचा उपयोग कसा होतो हे दाखविले. ज्या जिल्ह्यात ताडाची झाडे आणि कुपोषित बालके दोन्ही आहेत, तेथे या अभ्यासाला निरुपद्रवी विरंगुळा म्हणणे अन्यायाचे आहे.

परंतु केवळ उपयोग दाखवून मी या विषयाचे समर्थन संपविले, तर ते प्रतिपक्षाचीच कसोटी मान्य केल्यासारखे होईल. आमच्या तालुक्यात तानसा नदीच्या परिसरात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे ऊन पाण्याची कुंडे आहेत. यात्रेकरू त्यांत स्नान करतात आणि परततात. अमेरिकेतील यलोस्टोनच्या अशाच, किंबहुना अधिक तप्त झऱ्यांपाशी थॉमस ब्रॉक नावाचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ १९६६ साली आपल्या एका पदवीच्या विद्यार्थ्यासह गेला. एवढ्या उष्ण पाण्यात जीवसृष्टी असू शकते का, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे होते. त्या प्रश्नाचा त्या काळी कोणताही बाजारी उपयोग नव्हता. तेथे सापडलेल्या जंतूला त्यांनी ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ हे नाव दिले. त्या जंतूचे एक विकर उकळत्या पाण्याच्या जवळपासच्या तपमानातही टिकते, आणि म्हणूनच पुढे अत्यल्प जनुकद्रव्याच्या कोट्यवधी प्रती काढण्याची जी पद्धत निघाली तिचा ते आधार बनले. २०२० साली करोनाची बाधा झाली की नाही हे ठरविण्यासाठी भिवंडीत नाकातून घेतलेला नमुना ज्या तपासणीला जाई, ती याच पद्धतीवर उभी होती. उपयोगाच्या शोधात निघालेल्या कोणाही व्यवहारी माणसाला ऊन झऱ्यातला तो जंतू सापडला नसता. त्याच वर्षी लोणारचे सरोवर एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याला कारण आहेत हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शोधून काढले. आणि ज्यांचे नाव त्या संस्थेला आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे, सह्याद्रीच्या गोड्या पाण्यात जेलीफिश हुडकून काढणारे जीवशास्त्राचे अध्यापक होते. अकलोलीच्या कुंडात काय जगते, याविषयीची जिज्ञासा भिवंडीच्या विद्यार्थ्याला का नसावी?

राहिला चौथा मुद्दा, की फोनवर सर्व काही मिळते. फोनवर दुसऱ्याने पाहिलेले मिळते. आपण स्वतः कसे पाहावे, पाहिलेले कसे मोजावे, मोजलेल्यावर कितपत विश्वास ठेवावा आणि आपलेच मत खोटे ठरविण्याची तयारी कशी ठेवावी, हे गुरूच्या देखरेखीखाली, हाताने काम करीत, चुका दुरुस्त होत होतच अंगी बाणते. पदवीशिवायही शास्त्रज्ञ होता येते याचे उदाहरण म्हणून सालीम अलींचे नाव घेतले जाते. परंतु पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणिसर्वेक्षणातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना नाकारण्यात आली होती, आणि त्यानंतर १९२९ साली ते बर्लिनला जाऊन एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिस्तशीर शिक्षण घेऊन आले, हे सांगितले जात नाही. एवढ्या प्रतिभेच्या निरीक्षकालाही जर विधिवत् अध्ययनाची गरज भासली, तर आपल्या मुलांना ती नाही असे आपण कोणत्या आधारावर म्हणावे?

उपजीविकेचा प्रश्न मी टाळू इच्छित नाही, कारण ज्या घरात दोन पाळ्यांत माग चालल्याशिवाय चूल पेटत नाही तेथे तो प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. वन खात्याच्या स्पर्धापरीक्षा, रोगनिदानाच्या प्रयोगशाळा, औषधांचे आणि अन्नपदार्थांचे कारखाने, बियाणे आणि मत्स्यपालन, शिक्षकी पेशा, आणि पुढे शिकणाऱ्यासाठी पुण्याच्या ‘आयसर’सारख्या संस्था, असे मार्ग या पदवीपुढे आहेत. ते सर्व सुलभ आहेत असे मी म्हणत नाही; पण वैद्यकीय प्रवेशासाठी दोन-दोन, तीन-तीन वर्षे शिकवणीवर्गांत घालवून, घरचे दागिने गहाण टाकून शेवटी जागा न मिळणे, या मार्गाहून ते अधिक अनिश्चितही नाहीत.

तेव्हा निवाडा एवढाच, की भिवंडीत जीवशास्त्र निरुपयोगी नाही. ते उपेक्षित आहे, आणि उपेक्षेचे परिणाम दाखवून निरुपयोगिता सिद्ध करण्याचा प्रयत्न चालू आहे. १९६६ साली नगरपालिकेचे नाव धारण करून बी. एन. एन. महाविद्यालय येथे उभे राहिले, ते या गावाला उच्च शिक्षण हवे होते म्हणून. आता गावाकडे मागणे असे आहे. संस्थाचालकांनी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक पुरेसे आहेत का आणि ते वापरले जातात का हे जातीने पाहावे. अध्यापकांनी नकललेल्या वह्यांवर सही करण्याचे नाकारावे आणि विद्यार्थ्यांना घेऊन कामवारीच्या काठी, खाडीच्या चिखलात, भाताच्या खाचरांत आणि अकलोलीच्या कुंडांपाशी जावे. महानगरपालिकेने नदीची पाहणी आणि जैवविविधतेची नोंदवही ही कामे या विद्यार्थ्यांकडे सोपवून त्यांच्या नोंदी आपल्या दफ्तरी रुजू कराव्यात. आणि आईबापांना माझी विनंती आहे, की या वर्षी तुमच्या मुलाने किंवा मुलीने जीवशास्त्र घ्यावयाचे आहे असे म्हटले, तर ‘हे घेऊन करणार काय’ असे विचारू नका; ‘तुला त्यातले काय जाणून घ्यावयाचे आहे’ असे विचारा, आणि तिला वा त्याला उत्तर देता आले, तर प्रवेशाचा अर्ज त्याच दिवशी भरा.